साहसी क्रीडासाहित्य, जतन व साठवण

गिर्यारोहण, पदभ्रमण, नौकानयन, पॅराग्लायडिंग इ. साहसी क्रीडांत, तसेच डोंगरातील व पाण्यातील बचावकार्यात वापरावयाचे दोर, पट्टे, तंबू, तरणजाकिटे, फुगीर नौका वगैरे साहित्य वापरानंतर स्वच्छ करणे, पूर्णपणे वाळविणे, तपासणे आणि पुढील वापरापर्यंत सुस्थितीत ठेवणे, या सर्व क्रियांचा समावेश या विषयात होतो. यांतील बहुतेक साहित्य संश्लिष्ट बहुवारिकांचे (लहान रेणूंच्या लांब साखळ्यांपासून बनलेल्या नायलॉन, पॉलिएस्टर यांसारख्या द्रव्यांचे) असते. ताग किंवा सूत यांप्रमाणे ते कुजत नाही, म्हणून त्याला फारशी निगा लागत नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. असे साहित्य वापरात झिजते तसेच ते साठवणीतही बिघडते. आणि साठवणीतील बिघाड बहुधा डोळ्यांना दिसत नसल्याने तो अधिक धोक्याचा ठरतो. या साहित्यावर माणसाचा जीव अवलंबून असल्याने त्याचे जतन हा सुरक्षिततेचाच एक भाग मानला जातो [⟶ गिर्यारोहण].

मावळातील परिस्थिती : पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका सह्याद्रीच्या माथ्यालगत असून त्याच्या पश्चिम भागातील लोणावळा समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सु. ४,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. तालुक्याच्या पूर्व भागाकडे हे प्रमाण झपाट्याने कमी होत जाते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले व खंडाळ्याजवळील नागफणीचा कडा यांमुळे या भागात पदभ्रमण व प्रस्तरारोहण रुजले. पवना धरणाच्या जलाशयाकाठी तंबूंतील मुक्काम, तर कामशेतच्या परिसरात पॅराग्लायडिंग चालते. टाटा जलविद्युत् योजनेसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले लोणावळा, वळवण, शिरोता व ठोकळवाडी हे तलावही याच तालुक्यात आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचे ठाणे तालुक्यातील सुदुंबरे येथे असून, लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे स्वयंसेवक कड्यांवरील व पाण्यातील बचावकार्य करतात. डोंगरावरचे व पाण्यावरचे अशा दोन्ही प्रकारचे साहित्य एकाच तालुक्यात मोठ्या प्रमाणावर वापरात असल्याचे हे उदाहरण असल्याने, या विषयातील अडचणी येथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

त्यांतील प्रमुख अडचण अशी की, साहित्याच्या दोन वर्गांचे वर्ष परस्परविरुद्ध असते. पॅराग्लायडिंगचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असून प्रस्तरारोहणही मुख्यत्वे कोरड्या महिन्यांत चालते. हे साहित्य पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे हवा सर्वांत दमट असताना, ठेवणीत पडून राहते. उलट पाण्यातील बचावाचे साहित्य हिवाळा व उन्हाळाभर ठेवणीत राहते आणि पहिल्या पावसात एकाएकी कसाला लागते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूस असलेल्या धबधब्यात पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. दोन्ही घटना पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातील आहेत. म्हणजे उन्हाळ्यातील साठवणीत एखादा दोर वा जाकीट बिघडले असेल, तर तो दोष दुरुस्तीला अवधी नसतानाच उघड होण्याचा संभव असतो. त्यामुळे एका वर्गाचे जतन मुख्यत्वे ओलाव्यापासून, तर दुसऱ्याचे ऊन, उष्णता व उंदीर यांपासून करावे लागते.

बिघाडाची कारणे : (१) पाणी व आर्द्रता. नायलॉन पाणी शोषून घेते. ओल्या नायलॉनचे ताणबल कोरड्या नायलॉनच्या सु. ८५ ते ९०% इतकेच असते. गिर्यारोहणाच्या दोराची झटका सोसण्याची क्षमता याहूनही अधिक घटते. दोर नीट वाळल्यावर ती बहुतांशी परत येते. तंबू, पाठपिशव्या व पावसाळी कपडे यांच्या आतील बाजूस असलेल्या पॉलियुरेथेनाच्या लेपाची हानी मात्र भरून येत नाही. दमट हवेत त्याचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या विक्रियेने रेणूंच्या साखळ्या तुटणे) होते, लेप चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो व तो पापुद्र्यांनी सुटतो. डोंगरी बुटांच्या तळव्यातील पॉलियुरेथेनाचा थरही असाच भुसभुशीत होतो. दोनतीन वर्षे कपाटात पडून असलेल्या, वरून नव्यासारख्या दिसणाऱ्या बुटाचा तळ ऐन चढणीवर सुटून येतो, त्याचे कारण हे होय.

(२) कवके. बुरशी नायलॉनवर थेट उपजीविका करू शकत नाही; परंतु त्यावरील घाम, माती, अन्नाचे कण आणि लेपातील द्रव्ये तिला पुरतात. सापेक्ष आर्द्रता (हवेतील बाष्पाचे, त्याच तापमानास हवा सामावू शकेल अशा कमाल बाष्पाशी असलेले शेकडा प्रमाण) ७० ते ८०% पेक्षा अधिक आणि तापमान २०° ते ३०° से. असल्यास ती जोमाने वाढते. लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये ही स्थिती जवळजवळ अखंड असते.

(३) गाळ व मीठ. भातखाचरांतील व ओढ्यांतील बारीक गाळ दोराच्या विणीतून आत शिरतो. दोरावर ताण आला की त्याचे कण तंतूंवर घासून ते आतून कापतात. कोकणातील पुरात किंवा खाडीत वापरलेल्या साहित्यावर मिठाचे स्फटिक राहतात. ते हवेतील बाष्प ओढून घेत असल्याने साहित्य पुन:पुन्हा ओलसर होते व धातूंचे गंजणे चालू राहते.

(४) प्रकाश व उष्णता. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांनी बहुवारिकांच्या साखळ्या तुटतात. पॉलिप्रोपिलिनाच्या तरंगत्या दोरावर व नायलॉनच्या तलम कापडावर त्यांचा परिणाम विशेष जलद होतो. रंग विटणे ही त्याची खूण असली, तरी रंग टिकून असतानाही बल घटलेले असू शकते. पत्र्याच्या छपराखाली किंवा उभ्या मोटारीत उन्हाळ्यात साचणारी उष्णता लेप, गोंद व रबर यांना बाधक असते.

(५) रसायने. विद्युत् घटमालेतील (बॅटरीतील) सल्फ्यूरिक अम्लाचे थेंब वा वाफ नायलॉनचा घात करतात. अशा दोरावर बाहेरून काहीही खूण नसताना तो अल्प भाराने तुटल्याची उदाहरणे गिर्यारोहणाच्या इतिहासात आहेत. त्यामुळे बचाववाहनात घटमाला व दोर एकत्र ठेवू नयेत, असा दंडक आहे. विरंजक चूर्ण, पेट्रोल, रंगाचे द्रावक आणि डास घालविण्याची काही मलमे हीदेखील साहित्यापासून दूर ठेवावी लागतात.

(६) प्राणी. उंदीर व घुशी दोर, पट्टे आणि फुगीर नौकांचे कापड कुरतडतात. घडीत राहिलेल्या अन्नाच्या वासाने ते अधिक येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साहित्यावर येऊ शकतात. हे जंतू ओलाव्यात टिकतात व पूर्णपणे वाळल्यास मरतात. यामुळे पुरातून आलेले साहित्य धुणे व वाळविणे हे ते वापरणाऱ्याच्या आरोग्यासाठीही आवश्यक ठरते.

स्वच्छता : वापराच्या जागीच चिखल झाडणे व गोड्या पाण्याने खळबळून घेणे ही पहिली पायरी होय, कारण वाळलेला गाळ काढणे अधिक कठीण असते. नंतर ३०° से.पर्यंतच्या पाण्यात सौम्य साबण घालून साहित्य धुतात आणि साबणाचा अंश राहणार नाही असे दोनतीनदा स्वच्छ पाण्यातून काढतात. कपडे धुण्याची तीव्र चूर्णे, विरंजक व कापड मऊ करणारी द्रव्ये वर्ज्य समजतात. दोर धुताना तो हातांतून वार-वार सरकविला म्हणजे मऊ पडलेला भाग, गाठीसारखा फुगवटा किंवा बाहेरील वेष्टन फाटल्याची जागा बोटांना कळते. धुणे व तपासणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

जलसाहित्याच्या स्वच्छतेला आणखी एक बाजू आहे. नौकेच्या तळाला किंवा वल्ह्याला चिकटलेले वनस्पतींचे तुकडे एका जलाशयातून दुसऱ्यात जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो या परकीय शैवलाचा उपद्रव आढळल्यानंतर ‘तपासा, स्वच्छ करा, वाळवा’ ही त्रिसूत्री तेथे रूढ झाली व पुढे अन्य देशांनीही ती स्वीकारली. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खालच्या टप्प्यांत जलपर्णीचा उपद्रव आहे. तेथे वापरलेली नौका वरच्या जलाशयांत नेण्यापूर्वी हीच काळजी घेणे इष्ट असते.

वाळविणे : सावली, खेळती हवा व पुरेसा अवधी या तीन गोष्टी वाळविण्यास लागतात. कडक उन्हात साहित्य लवकर वाळते, पण त्याची किंमत जंबुपार किरणांच्या रूपाने मोजावी लागते. मावळातील जुन्या घरांच्या पडव्या या कामास उत्तम असतात. भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेण्याचे इरले (बांबूच्या कामट्या व पाने यांचे आच्छादन) व घोंगडी चुलीच्या उबेत, धुराच्या वाटेवर टांगून ठेवण्याची रीत या भागात होती. त्यामुळे ती कोरडी राहत व त्यांना कीड लागत नसे. जमिनीपासून उंच टांगणे, मंद ऊब व हलती हवा हे या रीतीतील तत्त्व संश्लिष्ट साहित्यालाही लागू पडते. चूल व धूर मात्र त्याला चालत नाहीत, कारण पॉलिप्रोपिलीन सु. १६५° से.ला, तर काही उच्चबल पॉलिएथिलिने सु. १४५° से.ला वितळतात आणि त्याच्या कितीतरी खालच्या तापमानासच त्यांचे बल घटू लागते.

भर पावसाळ्यात केवळ खिडक्या उघड्या ठेवून साहित्य वाळत नाही. बाहेरची हवाच जवळजवळ बाष्पसंपृक्त असते आणि धुके आत आल्यास साहित्य उलट अधिक ओले होते. अशा वेळी खोलीतील हवा थोडी तापविणे उपयोगी पडते. २५° से.ला पूर्ण संपृक्त असलेली हवा ३०° से.पर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सु. ७५% वर येते. म्हणजे अवघ्या ५° से.च्या वाढीने हवा पुन्हा पाणी शोषू लागते. मात्र ही दमट झालेली हवा पंख्याने बाहेर काढावी लागते. बाष्प काढून घेणारे यंत्र असल्यास दारे-खिडक्या बंद ठेवतात. लागोपाठच्या बचावकार्यांत वाळविण्यास दोनतीन दिवस मिळत नाहीत. म्हणून दोर व जाकिटे यांचे दोन संच ठेवून ते आळीपाळीने वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

साहित्याच्या प्रकारानुसार निगा : दोर व पट्टे. प्रक्रिया न केलेला दोर पूर्ण भिजल्यास त्याचे वजन ४० ते ५०% वाढू शकते. तो सैल वळणांनी, रुंद दांडीवर टांगून वाळवितात. वाळताना दोर काहीसा आखडतो. म्हणून त्याची लांबी पुन्हा मोजून मध्यखूण तपासतात. सुरक्षापट्ट्यांतील शिवण व वळीच्या आतील बाजू शेवटी वाळत असल्याने तेथे हात लावून पाहतात. धातूच्या कड्या धुतल्यावर त्यांची कवाडे उघडझाप करून पाहतात व बिजागरीत कोरडे वंगण घालतात. तेलावर धूळ बसते.

तंबू. मुक्कामाहून परतल्यावर तंबू पिशवीत तसाच ठेवणे हे तंबू खराब होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. रात्रीचे दव व श्वासातील बाष्प यांमुळे हिवाळ्यातही पवनेकाठचा तंबू सकाळी ओला असतो. घरी तो पुन्हा उभारून किंवा उलगडून वाळवितात. नेहमी त्याच घड्या घातल्यास लेपाला तेथेच चिरा पडतात. म्हणून तो सैलसर गुंडाळून मोठ्या सुती पिशवीत ठेवतात.

तरणजाकिटे. पूर्वी यांत पांढऱ्या सावरीचा कापूस भरीत. आता बंद पोकळ्यांचा फेस वापरतात. जड वस्तूंखाली दबल्यास फेसातील पोकळ्या चपट्या होऊन तरणशक्ती कमी होते. म्हणून जाकिटांची थप्पी न लावता ती टांगतात आणि हंगामापूर्वी ज्ञात वजन बांधून पाण्यात तरंगवून पाहतात. आपोआप फुगणाऱ्या जाकिटात पाण्याने विरघळणारी गोळी असते. दमट कपाटात ती हळूहळू विरघळून जाकीट ठेवल्या जागी फुगू शकते. अशा जाकिटातील गोळीची मुदत व वायूच्या नळकांड्याचे वजन वेळोवेळी तपासावे लागते.

फुगीर नौका व मोटर. नौकेच्या तळफळ्या काढून त्यांखालील रेती धुतल्याशिवाय नौका स्वच्छ झाली असे म्हणता येत नाही. ती वाळल्यावर जोडांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरतात आणि जागा असल्यास निम्मी फुगवून, जमिनीपासून उंच ठेवतात. घट्ट घडी उंदरांना आसरा देते. खाऱ्या पाण्यातून आलेल्या मोटरीतून गोडे पाणी खेळवितात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल बाष्प शोषून घेते व काही काळाने त्यातील थर वेगळे होतात. म्हणून दीर्घ साठवणीपूर्वी टाकी व इंधनमार्ग रिकामे करतात.

रबरी पोशाख. निओप्रिनाचे पोशाख आतबाहेर उलटवून वाळवितात व रुंद खांद्याच्या अडकवणीवर टांगतात. घडीच्या रेषेवर त्यातील वायूचे बुडबुडे कायमचे दबतात.

पॅराग्लायडर. याच्या छत्राचे कापड अतिशय तलम असून त्याची हवाबंद राहण्याची क्षमता कमी झाल्यास उड्डाणात छत्र नीट फुगत नाही. गवताळ उतारावरून छत्रात गेलेले नाकतोडे व मुंग्या घडी घालण्यापूर्वी काढून टाकतात. ते चिरडल्यास कापडावर डाग व छिद्रे पडतात. उच्चबल पॉलिएथिलिनाच्या दोऱ्या भिजून-वाळून आखडू शकतात व त्यांच्या लांबीतील लहानशा फरकानेही छत्राचा तोल बदलतो. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणापूर्वी दोऱ्या मोजणे, कापडाची हवाबंदता तपासणे व राखीव छत्री उघडून कोरड्या हवेत पुन्हा घडी करणे, ही कामे उत्पादकाच्या सूचनांनुसार करतात.

साठवण : साठवणीची जागा कोरडी, अंधारी, थंड व हवेशीर असावी. साहित्य भिंतीला टेकवून किंवा फरशीवर न ठेवता लाकडी मांडणीवर ठेवतात, कारण पावसाळ्यात भिंती व फरशी पाझरतात. प्लॅस्टिकच्या बंद पेटीत पूर्ण कोरडे साहित्यच ठेवावे. किंचित ओले साहित्य अशा पेटीत उघड्यापेक्षा लवकर खराब होते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. त्या बाष्पाने भरल्या की सु. १२०° से.ला तापवून पुन्हा वापरता येतात. साधा दिवा कपाटात लावून ऊब देण्याची पद्धत प्रचलित आहे, पण दिव्याभोवती जाळी नसल्यास आगीचा धोका असतो. इंधन व घटमाला स्वतंत्र खोलीत ठेवतात.

नोंदी, तपासणी व बाद करणे : प्रत्येक साधनावर क्रमांक घालून त्याची उत्पादन-तारीख, खरेदी, वापराचे दिवस, बसलेले झटके, धुलाई व तपासणी यांची नोंदवहीत नोंद करतात. बहुतेक उत्पादक कापडी सुरक्षासाधनांस, ती मुळीच वापरली नसली तरी, उत्पादनापासून कमाल सु. दहा वर्षांची मर्यादा घालतात. नियमित वापरातील साधन त्यापूर्वीच बाद होते. मावळासारख्या प्रदेशात वर्षातून दोन तपासण्या आवश्यक ठरतात : मे महिन्याच्या मध्यास जलबचाव साहित्याची आणि सप्टेंबरअखेर डोंगर व आकाश यांतील साहित्याची. मेमधील तपासणीत दोष आढळल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी नवे साहित्य आणण्यास दोनतीन आठवडे मिळतात. ज्या साधनाचा इतिहास ठाऊक नाही किंवा ज्याविषयी शंका आहे, ते बाद समजतात. बाद दोर नुसता बाजूला ठेवल्यास घाईच्या वेळी तो पुन्हा हाती येतो. म्हणून त्याचे लगेच आखूड तुकडे करतात. असे तुकडे गाठींच्या सरावाला किंवा सामान बांधण्याला उपयोगी पडतात, परंतु त्यांवर माणसाचा भार टाकण्याची वेळ येऊ शकत नाही.